माइनक्राफ्टचा घरगुती सर्व्हर: घरात जोडला जातो, बाहेरच्यांना मात्र ‘कनेक्शन टाइम्ड आउट’

ओसरी:

नमस्कार. घरातील एका जुन्या डेस्कटॉपवर मी माइनक्राफ्ट जावा एडिशनचा सर्व्हर चालवायला घेतला आहे. संगणकावर विंडोज १० आहे, गेमची आवृत्ती १.२१ आहे आणि सर्व्हरची फाइल गेमच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घेतलेली आहे. खेळणारे आम्ही चौघे आहोत: मी नाशिकला, चुलतभाऊ रत्नागिरीला, मामेबहीण पुण्याला आणि थोरला भाऊ नोकरीनिमित्त फ्रँकफर्टला.

अडचण अशी आहे की घरातल्याच वायफायवर असलेल्या लॅपटॉपवरून १९२.१६८.१.५ हा पत्ता टाकला की सर्व्हर लगेच जोडला जातो, परंतु बाहेरच्या तिघांनाही काही वेळ वाट पाहिल्यावर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ एवढेच दिसते. राऊटरमध्ये २५५६५ या पोर्टसाठी (गेमच्या दाराच्या क्रमांकासाठी) पोर्ट फॉरवर्डिंग केले आहे, म्हणजे त्या दारावर बाहेरून आलेली जोडणी डेस्कटॉपकडे वळवायला सांगितले आहे. इंटरनेटवर पोर्ट तपासून देणाऱ्या ज्या साइट असतात त्यांतील दोन साइट तो पोर्ट बंद असल्याचे सांगतात. शिवाय परवा सकाळी घरच्या लॅपटॉपवरही जोडणी झाली नाही आणि तेथे मात्र ‘कनेक्शन रिफ्यूज्ड: नो फर्दर इन्फर्मेशन’ असा वेगळा संदेश आला. नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला तर मोडेम बंद करून चालू करा, यापलीकडे उत्तर मिळत नाही. कोठून सुरुवात करावी?

दगडफूल:

विंडोजचे फायरवॉल तपासले का? सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना एक खिडकी उघडून परवानगी विचारली जाते. तेथे घाईत ‘कॅन्सल’ दाबले गेले, तर विंडोज त्या जावा प्रोग्रॅमसाठी अडवणूक करणारा नियम स्वतःहून तयार करून ठेवते, आणि नंतर तुम्ही परवानगीचा कितीही चांगला नियम लिहिलात तरी अडवणुकीचा नियम त्याच्यावर मात करतो. ‘इनबाउंड रूल्स’च्या यादीत ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ किंवा ‘जावा प्लॅटफॉर्म एसई बायनरी’ या नावापुढे लाल खूण दिसत असेल तर ती नोंद काढून टाका. घाई असेल तर तूर्तास फायरवॉल पूर्ण बंद करून पाहा आणि राऊटरमधील डीएमझेड चालू करा, म्हणजे उलगडा होईल.

रात्रपाळी:

दगडफूल यांची लाल खुणेविषयीची सूचना अगदी रास्त आहे, मात्र शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. डीएमझेड चालू करणे म्हणजे त्या संगणकाचे सर्व पोर्ट एकदम जगासमोर मांडणे, आणि त्यातच फायरवॉल बंद केले तर फाइल शेअरिंगपासून रिमोट डेस्कटॉपपर्यंत सर्व काही उघड्यावर पडेल. माझी नोकरी नेटवर्कची आहे आणि ‘तात्पुरते’ म्हणून बंद केलेली फायरवॉल वर्षानुवर्षे तशीच राहिलेली मी पाहिली आहेत. प्रस्तुत प्रकरणात त्याची गरजही नाही. ओसरी यांचा लॅपटॉप त्याच सर्व्हरला नीट जोडला जातो, म्हणजे विंडोजचे फायरवॉल २५५६५ वरची जोडणी आत येऊ देत आहे. ते अडवत असते तर लॅपटॉपलाही ‘टाइम्ड आउट’च मिळाले असते.

ओसरी, तुम्ही दोन्ही संदेश शब्दशः लिहिलेत हे फार बरे केलेत, कारण बहुतेक जण ‘कनेक्ट होत नाही’ एवढेच लिहून मोकळे होतात आणि मग निम्मा धागा विचारपूस करण्यात जातो. हे दोन संदेश एकाच आजाराची दोन नावे नाहीत. जावा एडिशन टीसीपीवर, म्हणजे आधी जोडणी जुळवून मग माहिती पाठवण्याच्या पद्धतीवर, चालते. खेळाडूचा संगणक प्रथम जोडणीची विनंती पाठवतो. ती विनंती एखाद्या जिवंत यंत्रापर्यंत पोहोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रॅमच नसला, तर ते यंत्र ताबडतोब नकार कळवते आणि आपल्याला ‘रिफ्यूज्ड’ दिसते. विनंतीला कोणाकडूनही उत्तर आले नाही, म्हणजे ती वाटेतच गिळली गेली किंवा भलत्याच पत्त्यावर गेली, तर संगणक थोडा वेळ वाट पाहून ‘टाइम्ड आउट’ म्हणतो. ‘रिफ्यूज्ड’ असेल तर रस्ता ठीक असतो आणि बहुधा सर्व्हर बंद असतो. ‘टाइम्ड आउट’ असेल तर सर्व्हर ठीक असू शकतो, पण रस्ता बंद असतो. नकार क्षणात येतो आणि ‘टाइम्ड आउट’ला वेळ लागतो, हा फरक संदेश न वाचताही ओळखू येतो.

त्यामुळे परवा सकाळचे ‘रिफ्यूज्ड’ वेगळे ठेवू. त्या वेळी सर्व्हरची काळी खिडकी डेस्कटॉपवर उघडी होती का, ते आठवून सांगा. खिडकी असल्यास तिच्यात ‘फेल्ड टु बाइंड टु पोर्ट’ अशी ओळ होती का, तेही पाहा. ही ओळ दोन कारणांनी येते: एक तर आधीचा सर्व्हर पार्श्वभूमीत अजून चालू असतो, नाहीतर ‘सर्व्हर.प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ‘सर्व्हर-आयपी’ या शब्दापुढे कोणीतरी बाहेरचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. ती जागा रिकामीच ठेवायची असते.

बाहेरच्यांच्या ‘टाइम्ड आउट’साठी एकच गोष्ट करा. राऊटरच्या पानावर लॉगिन करून ‘स्टेटस’मध्ये ‘वॅन आयपी’ (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय लिहिला आहे तो पाहा, आणि ‘माझा आयपी काय’ असे सांगणारी कोणतीही साइट त्याच नेटवरून उघडून तेथील पत्ता त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे आहेत की वेगळे, आणि राऊटरवरचा पत्ता १०० ने सुरू होतो का, एवढेच सांगा. पूर्ण पत्ता येथे लिहू नका. तोवर दुसरे काहीही बदलू नका. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की कशाने काय झाले हे कळायचा मार्ग राहत नाही.

ओसरी:

सविस्तर उत्तराबद्दल आभार. सकाळच्या ‘रिफ्यूज्ड’चा उलगडा झाला. रात्री विंडोजने अपडेट करून संगणक आपोआप पुन्हा सुरू केला होता, त्यामुळे सर्व्हरची खिडकीच उघडी नव्हती. घरच्या लॅपटॉपला नकार मिळाला तो यामुळेच.

पत्ते मात्र वेगळे आहेत. राऊटरच्या पानावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे आणि साइटवर दिसणारा पत्ता पूर्णपणे निराळा आहे. मी भावंडांना साइटवरचाच पत्ता दिला होता.

रात्रपाळी:

मग दुखणे सापडले. तुमचा नेटवाला सीजीनॅट वापरतो, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून देतो.

इंटरनेटवर पत्ते देण्याच्या आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी एवढेच आहेत. जागतिक पातळीवरचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आशिया-प्रशांत विभागाला पत्ते वाटणारी एपनिक ही संस्था त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शेवटच्या राखीव साठ्यावर आली. आपल्याकडे घरोघरी फायबर पोहोचले ते त्यानंतर, त्यामुळे नव्या कंपन्यांना प्रत्येक ग्राहकामागे एक सार्वजनिक पत्ता देणे परवडण्यासारखे उरलेच नव्हते. यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा पट्टा केवळ कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. तुमचा १००.७२ त्याच पट्ट्यातला आहे. त्या पत्त्याला बाहेरच्या इंटरनेटवर अर्थ नाही. साइटवर दिसणारा पत्ता कंपनीच्या मोठ्या यंत्राचा आहे आणि त्यामागे तुमच्यासारखी पुष्कळ घरे एकाच वेळी बसलेली आहेत.

मोठ्या सोसायटीत आपल्या फ्लॅटचे दार सताड उघडे ठेवले, तरी मुख्य फाटकावरच्या पहारेकऱ्याला पाहुणा कोणत्या फ्लॅटचा हे ठाऊक नसेल तर तो पाहुण्याला परत पाठवणारच. पोर्ट फॉरवर्डिंगने तुम्ही फ्लॅटचे दार उघडलेत. फाटक कंपनीच्या ताब्यात आहे. म्हणून राऊटरमध्ये काहीही केले तरी बाहेरून पोर्ट बंदच दिसणार. तुमचे फॉरवर्डिंग चुकलेले नाही, ते तेथे निरुपयोगी आहे.

आता मार्ग असे आहेत. पहिला आणि सरळ मार्ग म्हणजे कंपनीकडून स्टॅटिक पब्लिक आयपी मागून घेणे. बहुतेक कंपन्या त्यासाठी वेगळे पैसे आकारतात आणि ग्राहक सेवेच्या फोनवर या विषयाची कल्पना नसलेला माणूस भेटण्याचीच शक्यता अधिक असते, म्हणून स्थानिक कार्यालयात लेखी किंवा ईमेलने मागणी करावी आणि ‘सीजीनॅटमधून काढून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता द्यावा’ असे स्पष्ट लिहावे. दुसरा मार्ग म्हणजे सर्वांनी टेलस्केल किंवा झीरोटियर यांसारखा प्रोग्रॅम आपापल्या संगणकावर घेऊन एक खासगी जाळे तयार करणे. यात तुमच्या संगणकाकडूनच बाहेर जाणारी जोडणी होते, त्यामुळे फाटकाचा प्रश्न येत नाही. तिसरा मार्ग प्लेइटसारख्या टनेल सेवेचा: प्रोग्रॅम फक्त सर्व्हरवर बसवावा लागतो आणि मित्रांना एक तयार पत्ता देता येतो, पण सर्व रहदारी त्या सेवेच्या यंत्रांतून वळसा घेऊन जाते. चौघेच असाल तर मी दुसरा मार्ग सुचवेन.

एक खुलासा आताच करतो, नाहीतर पुन्हा घोटाळा होईल. टेलस्केल आपल्या जाळ्यातील यंत्रांना जे पत्ते देते तेही याच १०० च्या पट्ट्यातले असतात. ते पत्ते आणि राऊटरवरचा १००.७२ यांचा एकमेकांशी संबंध नाही. भावंडांना टेलस्केलने डेस्कटॉपला दिलेला पत्ता कळवायचा आहे.

काजूगर:

आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा मार्ग का नाही सुचवला? तेथे पत्त्यांची टंचाई नाही आणि सीजीनॅटही नाही. म्हापशाच्या माझ्या जोडणीवर आयपीव्ही६ मिळतो.

रात्रपाळी:

तत्त्वतः तो सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, हे मान्य. व्यवहारात मात्र खेळणाऱ्या प्रत्येकाकडे आयपीव्ही६ असावा लागतो, आणि राऊटर आयपीव्ही६ वरच्या बाहेरून येणाऱ्या जोडण्या सहसा अडवतो. कंपनीने दिलेल्या अनेक राऊटरांत ती अडवणूक निवडक पोर्टसाठी उठवण्याची सोयच नसते. एक तर सगळे बंद, नाहीतर सगळे उघडे. सोय असेल तर जरूर वापरा, गेममध्ये पत्ता चौकोनी कंसात लिहून पुढे पोर्ट द्यावा लागतो.

काजूगर:

पटले. माझा मूळ प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्याकडे पब्लिक आयपी आहे, २५५६५ हा पोर्ट बाहेरून उघडा दिसतो, संगणकावरचे मित्र येऊन खेळतात, पण मोबाइलवरून खेळणाऱ्या दोघांना सर्व्हर सापडतच नाही.

दगडफूल:

कारण मोबाइलवरचा गेम बेडरॉक एडिशन असतो आणि तुमचा सर्व्हर जावा एडिशनचा आहे. दोघांची बोली वेगळी आहे. बेडरॉक टीसीपीऐवजी यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर १९१३२ या पोर्टने बोलतो. तुम्हाला दोन्हीकडची मंडळी एकत्र हवी असतील तर अधिकृत सर्व्हरऐवजी प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) चालवू देणारा पेपर सर्व्हर घ्या, त्यावर दोन्ही बोलींमध्ये दुभाष्याचे काम करणारे गायझर हे प्लगइन बसवा आणि राऊटरमध्ये १९१३२ साठी नवा नियम करताना प्रकार ‘यूडीपी’ निवडा. बहुतेक राऊटरांत तेथे आधीपासून ‘टीसीपी’ निवडलेले असते आणि ते बदलायचे राहून जाते.

साळुंकी:

मला यातले फारसे कळत नाही, पण धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. माझा मुलगा सातवीत आहे. त्याला वर्गमित्राच्या सर्व्हरवर जाताना आधी ‘इनव्हॅलिड सेशन’ असे काहीतरी येत होते. आता मल्टिप्लेअर बंद आहे, मायक्रोसॉफ्ट खात्याच्या सेटिंग्ज पाहा, अशा अर्थाचा संदेश येतो. त्या मित्राच्या दादाने सांगितले की सर्व्हरवर ‘ऑनलाइन-मोड’ बंद केला की सगळे ठीक होईल. तसे केले तर चालेल का?

रात्रपाळी:

साळुंकीताई, तसे करू देऊ नका. तुमच्या मुलाच्या अडचणीचा त्या सर्व्हरशी संबंधच नाही, आणि दादाने सुचवलेल्या उपायाने मात्र सर्व्हरचे दार कायमचे मोडून पडेल.

‘ऑनलाइन-मोड’ चालू असतो तेव्हा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक खेळाडूबद्दल गेमच्या मुख्य यंत्रणेला विचारतो की हे नाव सांगणारा माणूस खरोखर त्याच खात्याचा आहे का. तो बंद केला की विचारणे थांबते. मग कोणीही सर्व्हर चालवणाऱ्या मुलाचे नाव धारण करून आत येऊ शकतो आणि त्याचे सर्व अधिकार वापरू शकतो. निवडक नावांनाच प्रवेश देणारी ‘व्हाइटलिस्ट’ही अशा वेळी कुचकामी ठरते, कारण नावच खोटे घेता येते.

‘इनव्हॅलिड सेशन’चा अर्थ एवढाच की लाँचरने (गेम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) लॉगिनच्या वेळी घेतलेले ओळखपत्र जुने झाले आहे. गेम आणि लाँचर दोन्ही पूर्ण बंद करून पुन्हा उघडावेत. तेवढ्याने गेले नाही तर लाँचरमधून लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे. दुसरा संदेश तुमच्या हातातला आहे. माइनक्राफ्ट तयार करणारी स्वीडनची मोयांग कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि पुढे खेळाडूंची जुनी खाती मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत वर्ग केली. त्यामुळे आता लहान मुलांच्या खात्याला मायक्रोसॉफ्टचे कौटुंबिक नियम लागू होतात. मुलाचे खाते तयार करताना त्याचे खरे वय दिले असेल, तर ऑनलाइन खेळण्याची परवानगी पालकाने आपल्या खात्यातून द्यावी लागते. एक्सबॉक्सच्या गोपनीयतेच्या पानावर मुलाचे नाव निवडा आणि मल्टिप्लेअर खेळण्यासंबंधीच्या परवानग्या द्या. अनोळखी लोकांशी बोलण्याची परवानगी तेथे वेगळी असते. ती न देताही खेळता येईल का, ते एकदा करून पाहा. बदल केल्यावर मुलाला लाँचरमधून बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगा, नाहीतर जुनाच संदेश दिसत राहील.

कधी ‘ऑथेंटिकेशन सर्व्हर्स आर डाउन’ असा संदेश आला तर मात्र काहीच करायचे नाही. तेव्हा अडचण वरच्या मुख्य यंत्रणेत असते आणि सर्वांनाच असते.

साळुंकी:

परवानगी दिली आणि तो आत गेला. फक्त खेळण्याची दिली, बोलण्याची नाही. मनापासून धन्यवाद.

ओसरी:

टेलस्केल बसवले. रत्नागिरी आणि पुणे दोन्ही पहिल्याच प्रयत्नात जोडले गेले. आता फ्रँकफर्टच्या भावाची तक्रार शिल्लक आहे. तो आत येतो, खेळतो, पण अधूनमधून फोडलेला दगड पुन्हा जागेवर दिसतो आणि मग ‘टाइम्ड आउट’ म्हणून बाहेर फेकला जातो. त्याच सुमारास सर्व्हरच्या खिडकीत ‘कान्ट कीप अप! इज द सर्व्हर ओव्हरलोडेड?’ अशा ओळी दिसतात. दोन्हींचा संबंध आहे का?

रात्रपाळी:

असू शकतो, पण हे ‘टाइम्ड आउट’ पहिल्यासारखे नव्हे. जोडणी झाल्यानंतर सर्व्हर आणि खेळाडू एकमेकांना ठरावीक काळाने ‘आहेस ना’ असे विचारत राहतात, आणि एका बाजूकडून साधारण ३० सेकंद उत्तर आले नाही की जोडणी तोडली जाते. उत्तर न येण्याची कारणे दोन असू शकतात: सर्व्हर स्वतः अडकला किंवा वाट तुटली. ती वेगळी कशी करायची ते सांगतो.

आधी सर्व्हर. माइनक्राफ्टचे जग सेकंदाला २० टिकटिक या गतीने चालते, म्हणजे प्रत्येक टिकटिकीचे काम ५० मिलिसेकंदांत उरकावे लागते. ते उरकले नाही की काम साठत जाते आणि तुम्ही लिहिलेली ओळ दिसते. त्या ओळीत पुढे किती मिलिसेकंद मागे पडलो हेही लिहिलेले असते. सर्व्हर सुरू होताना एकदोनदा ती दिसली तर दुर्लक्ष करावे. खेळ चालू असताना वारंवार दिसली तर नाही. अधिकृत पानावर सर्व्हर सुरू करण्याची जी आज्ञा दिलेली असते तिच्यात मेमरी १०२४ एमबी एवढीच धरलेली आहे. तुम्ही तीच जशीच्या तशी वापरत असाल तर डेस्कटॉपमध्ये जागा असल्यास ३ किंवा ४ जीबी द्या. त्यानंतर ‘व्ह्यू-डिस्टन्स’, म्हणजे खेळाडूला किती दूरवरचे जग दाखवायचे तो आकडा, पाहा. तो मुळात १० असतो, म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती साधारण २१ गुणिले २१, अर्थात ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) सांभाळावे लागतात. तोच ६ केला की ही संख्या १६९ वर येते. एका आकड्याच्या बदलाने जुन्या डेस्कटॉपला एवढा आराम दुसऱ्या कशानेही मिळत नाही.

आता वाट. नाशिक ते फ्रँकफर्ट हे सरळ अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येण्याला निदान ६५ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत नसते, ती अरबी समुद्र, लाल समुद्र आणि भूमध्य समुद्र अशी वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाल समुद्रातल्या काही केबल तुटल्या तेव्हा आशिया-युरोप रहदारीवर परिणाम झाला होता. पण दीडशे-दोनशे मिलिसेकंदांनी माणूस बाहेर फेकला जात नाही, फक्त दगड उशिरा फुटतो. भाऊ बाहेर फेकला जातो याचा अर्थ मध्ये काही सेकंद पूर्ण शांतता पडते आहे.

ती कोठे पडते हे शोधण्यासाठी डेस्कटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीत राऊटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्याला आणि दुसरीत बाहेरच्या इंटरनेटवरील १.१.१.१ या पत्त्याला सतत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवा. राऊटरच्या खिडकीतला आकडा एक-दोन मिलिसेकंदांवरून मध्येच शेकड्यांत उडी मारत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. राऊटरचा आकडा स्थिर असून दुसऱ्याच खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसत असेल, तर दोष नेटवाल्याकडे आहे. दोन्ही शांत असतील तर भावाला त्याच्या घरी हाच प्रयोग करायला सांगा.

शेवटी टेलस्केलची तपासणी. आज्ञेच्या खिडकीत ‘टेलस्केल स्टेटस’ टाका. भावाच्या यंत्रापुढे ‘डायरेक्ट’ लिहिले असेल तर थेट जोडणी आहे, ‘रिले’ लिहिले असेल तर रहदारी मधल्या यंत्रावरून जाते आहे आणि त्या यंत्रावर वेगाची मर्यादा असते.

दगडफूल:

जाता जाता आवृत्तीबद्दल लिहितो, कारण हा धागा पुढे अनेक जण वाचतील. ‘आउटडेटेड क्लायंट’ किंवा ‘आउटडेटेड सर्व्हर’ आले तर लाँचरमध्ये सर्व्हरशी जुळणारी आवृत्ती निवडायची, बाकी काही बिघडलेले नसते. सर्व्हर सुरूच होत नसेल आणि ‘क्लास फाइल व्हर्शन ६५’ असे दिसत असेल तर जावा जुना आहे. ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे जावा १७. गेमच्या १.२०.५ आणि १.२१ या आवृत्त्यांना २१ लागतो.

ओसरी:

प्रयोग केले. डेस्कटॉप दुसऱ्या खोलीत वायफायवर होता आणि राऊटरचा आकडा मध्येच नऊशेच्या वर जात होता. लॅन केबल ओढून घेतली, आकडा एकवर स्थिरावला. मेमरी ४ जीबी केली, ‘व्ह्यू-डिस्टन्स’ ६ केला. ‘कीप अप’च्या ओळी आता सुरुवातीला एकदाच दिसतात. भावाच्या यंत्रापुढे मात्र ‘रिले’ लिहिलेले आहे. तो बाहेर फेकला जात नाही, पण अडखळतो.

काजूगर:

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुंबईत यंत्रे असलेल्या एखाद्या सेवेकडून सर्व्हर भाड्याने घ्यावा किंवा मोयांगची स्वतःची सर्व्हर सेवा, म्हणजे रेल्म्स घ्यावे, असे माझे मत आहे. तेथे सीजीनॅट नाही, वीज गेल्याची चिंता नाही. रेल्म्समध्ये मालकाशिवाय १० जण एका वेळी खेळू शकतात, तुमचे तर चौघेच आहेत.

रात्रपाळी:

ज्याला फक्त खेळायचे आहे त्याच्यासाठी हे बरोबरच आहे. रेल्म्समध्ये प्लगइन चालत नाहीत, हा एक भाग झाला. भाड्याच्या सर्व्हरवर ते चालतात. पण मुंबईतल्या यंत्रामुळे फ्रँकफर्ट जवळ येणार नाही आणि नाशिकचा डेस्कटॉप तर आधीच विकत घेतलेला आहे. ओसरी यांनी पब्लिक आयपी घेतला तर रिलेचा प्रश्नही सुटेल, कारण एका बाजूला खरा पत्ता असला की थेट जोडणी होणे खूप सोपे जाते.

ओसरी:

स्थानिक कार्यालयात ईमेल करून तुमचेच वाक्य लिहिले होते. लाइनमनचा फोन आला आणि वार्षिक आकार भरल्यावर स्टॅटिक आयपी मिळाला. राऊटरवरचा पत्ता आणि साइटवरचा पत्ता आता एकच आहे, आणि आधीचे पोर्ट फॉरवर्डिंग काहीही न बदलता चालू झाले. घरातून मात्र तो नवा पत्ता टाकल्यावर जोडणी होत नाही, १९२.१६८.१.५ नेच होते. बाहेरून सर्वांना होते. हे ठीक आहे का?

रात्रपाळी:

ठीक आहे. आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळण्याची सोय सर्व राऊटरांत नसते. म्हणूनच बाहेरची चाचणी नेहमी मोबाइल डेटावरून करावी.

आता पोर्ट खरोखर जगाला दिसतो आहे, तेव्हा पुढची कामे आजच करा. २५५६५ वर ऐकणारे सर्व्हर शोधत फिरणारे आपोआप चालणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर कायम असतात. थोड्याच काळात तुमच्या खिडकीत अनोळखी पत्त्यांच्या नोंदी दिसू लागतील. व्हाइटलिस्ट चालू करून चौघांची नावे घाला आणि ‘ऑनलाइन-मोड’ चालूच राहू द्या. सर्व्हरची आवृत्ती मागे पडू देऊ नका: डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या घटकातील त्रुटी उघड झाली तेव्हा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ लिहून सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता, आणि ती दुरुस्त करण्यासाठी १.१८.१ तातडीने काढावी लागली. राऊटरमध्ये डेस्कटॉपसाठी १९२.१६८.१.५ हा पत्ता राखून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर राऊटर त्याला दुसराच पत्ता देईल आणि फॉरवर्डिंग रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहील. डीएमझेड मध्यंतरी चालू करून पाहिले असेल तर ते बंद करा. टेलस्केल काढायची गरज नाही, भाऊ त्यात आता ‘डायरेक्ट’ दिसतो का ते मात्र एकदा पाहून सांगा.

ओसरी:

‘डायरेक्ट’ दिसतो आहे. पिंग १६० च्या आसपास आहे. व्हाइटलिस्ट चालू केली आणि पत्ता राखून ठेवला. विंडोज अपडेटनंतर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा यासाठी काय करता येईल?

दगडफूल:

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘ॲट स्टार्टअप’ निवडून सर्व्हरची बॅच फाइल (सर्व्हर सुरू करण्याची आज्ञा लिहिलेली फाइल) जोडा, आणि ‘स्टार्ट इन’ या चौकटीत सर्व्हरच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहा. ती चौकट रिकामी राहिली तर सर्व्हर आपले फोल्डर भलतीकडे शोधतो आणि ‘यूला’ची (वापराच्या अटींची) संमती नव्याने मागून तेथेच थांबतो. तसेच अपडेटचे ‘ॲक्टिव्ह अवर्स’ तुमच्या खेळाच्या वेळेनुसार लावून ठेवा.